घोटा धरणारी पोरं

रोज संध्याकाळी साडेचारला मी शाळेच्या मैदानावर उभा राहून एकच वाक्य ओरडतो : डोकं मागं, गाल त्याच्या बुडाला. पोरं हसतात. दरवर्षी नवी पोरं आणि दरवर्षी तेच हसणं. मी हसू देतो, मग पुन्हा ओरडतो. चेंडू घेऊन पळत येणाऱ्याला धरायचं तर आपलं डोकं त्याच्या पायांपुढे जाता कामा नये. खांदा त्याच्या मांडीत आणि डोकं मागल्या बाजूला, त्याच्या बुडाला चिकटलेलं. एवढंच आहे. सांगायला दहा मिनिटं लागतात, अंगात मुरायला वर्ष जातं, आणि मी हे इतकी वर्षं सांगतोय की झोपेतसुद्धा बडबडतो असं बायको म्हणते. पन्नाशीला टेकलो. गुडघे गेले, आवाज बसला, संस्थेच्या मंडळींना रग्बीत काडीचा रस नाही. तरी ओरडतो. का ओरडतो ते कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर मी काहीतरी थातुरमातुर सांगून मोकळा होतो. आज ते नीट लिहून ठेवायला बसलोय. लिहायचाही कंटाळा येतो, पण आता टाळून टाळून किती टाळणार.

आमचं घर नांदूरघाटात, बाजाराच्या तोंडाशी. पुढे भांड्यांचं दुकान आणि मागे आम्ही. आप्पा, म्हणजे माझे वडील, पहाटे अंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसत, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढत, आणि ते उठले की दुकानाच्या फळ्या निघत. त्यानंतर दिवसभर घरात एकच आवाज : टक टक टक. आप्पा भांड्यांवर नावं घालायचे. लग्नसराईत घागरी, पराती, तांबे, डबे यांचा ढीग लागायचा आणि कुणाकडून कुणाला ते प्रत्येकावर छिन्नीनं कोरायचं असायचं. पुढे त्याचं यंत्र निघालं, पण त्याची घरघर आप्पांना कधी सोसली नाही. छिन्नीच्या त्या ठोक्यांवर आम्ही अभ्यास केला, जेवलो, दुपारच्या झोपा काढल्या. ठोके थांबले की आई मागून विचारायची, "काय झालं? गिऱ्हाईक आलं का चहा पायजे?" दोन्हींपैकी एक असायचंच.

आई चुलीपाशी. गॅस आला होता, पण भाकरी चुलीवरचीच, यावर तिनं कधी तडजोड केली नाही. भाकरीबरोबर येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, ते ती वर्षाचं एकदम करून ठेवायची आणि ज्या दिवशी ते भाजलं जाई त्या दिवशी शेजारपाजारचे शिंकत शिंकत वास घ्यायला यायचे. सकाळी धपाटे, वर दह्याची कवडी आणि शेंगदाण्याची चटणी. आता डॉक्टरनं तिखट बंद केलंय. बायको बिनतिखटाचं वरण वाढते आणि मी मुकाट्यानं खातो.

त्या धपाट्यांचा खरा मालक बालाजी होता. माझ्याच वर्गातला, गावाबाहेर मळ्यात राहणारा. त्यांच्या घरी शेती मोठी, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर, कशाची ददात नाही. पण सकाळी सायकल मारत यायचा तो थेट आमच्या स्वयंपाकघरात. "काकू, हाय का काई?" आई तव्यावरून नजर न काढता म्हणायची, "तुझ्यासाठीच थापायलेय, बस." चार खायचा. अंगानं आडवा, आवाजानं मऊ, आणि हसायला लागला की डोळे दिसायचे नाहीत. त्याला फौजदार व्हायचं होतं. दुकानातून जाताना आप्पांना कडक सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, "आप्पा, फौजदार झालो की पयली परात तुमच्याकडूनच." आप्पा छिन्नी न थांबवता म्हणायचे, "परात कशाला रे? चौकीत कणीक मळनार हायस काय?" हा विनोद त्या दोघांनी दोन-तीन वर्षं रोज केला आणि रोज दोघंही हसले.

नांदूरघाटच्या पोरांची कबड्डी त्या भागात सगळ्यांना ठाऊक होती, आणि त्यातही आमचा घोटा. कबड्डीत चढाई करणारा आपल्या अंगणात येतो आणि त्याला परत मधल्या रेषेकडे पळायचं असतं. कोपऱ्यातल्या गड्यानं सूर मारून त्याचा घोटा धरायचा. पण नुसत्या हातानं धरलेला पाय सुटतो. म्हणून आमच्याकडे डोकं आणि छाती त्याच्या पायापुढेच घालायची रीत होती, त्याच्या आणि रेषेच्या मधे. वाटच बंद. तोवर बाकीचे सहा जण त्याच्या अंगावर पडतातच. कडेला बसलेली म्हातारी माणसंसुद्धा ओरडायची, "डोकं घाल बे, डोकं!" जो डोकं घालायचा नाही तो भित्रा. कबड्डीत हे खपून जातं, कारण चढाईवाला चार पावलांच्या आत असतो, त्याच्या पायात धाव नसते. मी डावा कोपरा, बालाजी उजवा. त्याला सूर मारायची भीती वाटायची, शेवटच्या क्षणी डोळे मिटायचा. एक अख्खा उन्हाळा मी त्याला त्यांच्याच खळ्यावर सूर मारायला लावलं. डोळे उघडे ठेवायचे आणि डोकं घालायचं. शिकला. चांगलाच शिकला.

थोरात सर आमचे खेळाचे मास्तर. केजहून येऊन-जाऊन करायचे, जीपमध्ये जागा नसली तर मागे लोंबकळत यायचे, आणि आल्या आल्या मैदानावर. घरची एक कापडी पिशवी कायम खांद्याला. एका शिबिराहून आले आणि त्या पिशवीतून त्यांनी लांबोडका चेंडू काढला. "सर, ह्यो भोपळा कावून आणला?" बालाजीनं विचारलं. सर म्हणाले, रग्बीचा आहे. मग त्यांनी आम्हाला लिंबाखाली बसवलं आणि समजावलं. कबड्डीचे संघ गावोगावी, रग्बीचे बोटावर मोजण्याइतके. कबड्डीत म्हातारे व्हाल तरी राज्याला पोचणार नाही. रग्बीत विभागाला जिंकलात की राज्य, आणि राज्याला खेळल्याचं सर्टिफिकेट असलं की भरतीत खेळाडूंच्या जागेवर नाव. बालाजी एकदम ताठ बसला. त्याला लेखी परीक्षेची धास्ती होती. पळण्यात आणि पाडण्यात फौजदारकी मिळत असेल तर त्याला अजून काय पाहिजे होतं. सरांनी मला कॅप्टन केलं. चेंडू माझ्या घरी राहायचा. पोरं त्याला अंडं म्हणायची, आणि एका संध्याकाळी बालाजी दारातूनच ओरडला, "शिवा, अंडं घरात घेतलंस का?" आईच्या हातातली पळी खाली पडली. आमच्या लिंगायताच्या घरात असलं नावसुद्धा निघत नव्हतं. मी चेंडू आणून दाखवला, रबराचा आहे म्हणून सांगितलं. "काई का असंना," आई म्हणाली, "नाव वाईट हाय. भायेर ठेव त्याला." तेव्हापासून तो ओसरीत, फुटक्या घागरीत राहिला.

सरांकडे शिबिरात मिळालेल्या पुस्तिकेची झेरॉक्स होती. पळायचं पुढे आणि फेकायचं मागे, हे डोक्यात शिरायलाच महिना गेला. पकडीचं पान आलं तेव्हा सर हसले. म्हणाले, "हे पान सोडा. पकड तुमाला मी काय शिकवू? तुमीच मला शिकवाल." त्या पानावर दोन चित्रं होती, एकावर फुली मारलेली. फुलीच्या चित्रात पकडणाऱ्याचं डोकं पळणाऱ्याच्या पायांपुढे होतं, अगदी आमच्यासारखं. मी म्हणालो, "सर, ह्यांनी उलटी फुली मारलीय." सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "परदेशातली पोरं हायत. त्यांना घोटा कुठं येतो?" आम्ही सगळे हसलो, आणि पान उलटलं. सर वाईट माणूस नव्हते, आळशी तर मुळीच नव्हते. त्यांना आमचा अभिमान होता. मी आज रोज संध्याकाळी जे ओरडतो ते सगळं त्या एका पानावर छापलेलं होतं.

पुढचे दोन महिने आम्ही रग्बीत कबड्डी खेळलो. पळत येणाऱ्याच्या आणि आमच्या रेषेच्या मधे डोकं घालायचं, तो पडायचा, आम्ही ओरडायचो. एकाचं नाक फुटलं, एकाचा पुढचा दात हलला, माझ्या भुवईला खोक पडली. आई आंबेहळद उगाळून लावायची आणि आप्पा म्हणायचे, "अंग मोडून घ्यायचंच हाय तर घागरी उचलू लाग मला." हे सगळं कशामुळे होतंय याचा विचार एकानंही केला नाही. लागणं म्हणजे खेळणं, असंच आम्हाला वाटायचं.

विभागाच्या सामन्यांना बीडला जायचं ठरलं. बालाजीच्या आईनं बजावलं होतं म्हणून जीप वाट वाकडी करून लिंबागणेशला नेली, गणपतीला नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात धरूनच पुढे निघालो. सात जणांचा खेळ. आम्ही आठ जण होतो. आठव्याचा पाय पहिल्याच सामन्यात मुरगळला. तो सामना जिंकलो, मग पुढचा जिंकलो, आणि दुपारी चारच्या उन्हात शेवटच्या सामन्याला उभे राहिलो. मैदान म्हणजे कडक मुरूम, वर नावाला गवत. समोरच्या संघात एक उंच पोरगा होता, लांब ढांगांचा. तो पळायला लागला की त्याचे गुडघे छातीपर्यंत यायचे. मी बालाजीला म्हणालो, "ह्यो तुझा. घोट्यातच घाल."

सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात. पहिल्या डावाच्या शेवटाला तो पोरगा कडेनं सुटला. बालाजीनं सूर मारला आणि डोकं घातलं, खळ्यावर घालायचा तसंच, डोळे उघडे ठेवून. पोराचा गुडघा त्याच्या कानाच्या वर बसला. तो आवाज मला लांबून आला. पोरगा मात्र आडवा झाला, चेंडू सुटला, आमच्या बाजूची माणसं शिट्ट्या वाजवू लागली. बालाजी उठला, हसलासुद्धा. आणि जाऊन त्यांच्या पोरांमध्ये उभा राहिला. सगळे हसले, त्यांची पोरंही हसली. मी त्याला दंडाला धरून आमच्याकडे आणलं. आम्ही एका ट्रायनं पुढे होतो, म्हणजे एकदा जास्त त्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला होता.

मधल्या सुट्टीला दोनच मिनिटं. सर गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन तावातावानं भांडत होते. आमचा एक ट्राय धरला नव्हता. बालाजीनं पाणी प्यायलं आणि विचारलं, "शिवा, आपण कुठल्या बाजूला खेळायलोय?" मी दाखवलं. त्यानं बुटाची नाडी सोडली, बांधली, आणि पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात, जणू पहिल्यांदाच. मी पुन्हा दाखवलं. मग पंच आमच्याकडे आले. बाहेरगावचे, शांत माणूस होते. त्यांनी बालाजीला नाव विचारलं, त्यानं नीट सांगितलं. त्यांनी त्याच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं आणि मग माझ्याकडे वळले. "कॅप्टन, हा बरा आहे ना? तू ओळखतोस त्याला." मी म्हणालो, "हो सर, नुसता दम लागलाय." ते गेले. त्यांची पाठ वळल्यावर बालाजीनं तिसऱ्यांदा विचारलं, "शिवा, आपण कुठल्या बाजूला?"

मला माहीत होतं. डॉक्टरला कळतं तसं नाही, पण चार वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाचं काहीतरी बिघडलंय हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. तो बाहेर गेला असता तर आम्ही सहा उरलो असतो आणि सहा जणांत ती सात मिनिटं निघाली नसती. मी असाही विचार केला की फौजदार व्हायचं त्याचंच तर स्वप्न आहे, मी ते कसं मोडू. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा ऐकवलंय. खरं एवढंच की मला जिंकायचं होतं.

दुसऱ्या डावात तो दिशा चुकत होता, पण जवळ कुणी पळत आलं की त्याचं अंग आपोआप सूर मारत होतं. इतकं ते मी त्याच्यात भिनवलं होतं. शेवटच्या मिनिटाला तोच उंच पोरगा पुन्हा सुटला. बालाजीनं पुन्हा डोकं घातलं. या वेळी फार जोरात लागलंही नाही. पाहणाऱ्याला वाटलं असतं नुसता धक्का बसला. पोरगा पडला, शिट्टी झाली, आम्ही जिंकलो. पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागली आणि बालाजी पालथाच होता. मी त्याला उताणा केला. त्याच्या एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी झाली होती. मग तो ओकला. मान धरायची असते, हलवायचं नसतं, हे आम्हाला कुणाला ठाऊक? चौघांनी हातापायाला धरून उचललं, पोती उचलतात तसं, आणि जीपमध्ये घातलं. डोकं माझ्या मांडीवर. तो घोरत होता. सर पुढे बसून ड्रायव्हरला नुसतं "चल, चल" म्हणत होते.

डोक्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस त्यानं डोळे उघडले नाहीत. आप्पा दुकान बंद करून आले, जे त्यांनी आजोबा गेले तेव्हा सोडलं तर कधी केलं नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर बालाजीच्या वडिलांशेजारी, म्हणजे तात्यांशेजारी, बसून राहिले. आई डबा पाठवायची, तो तसाच परत जायचा. नवव्या दिवशी बालाजीनं त्याच्या आईला ओळखलं, आणि तात्या पायरीवरच बसून मोठ्यानं रडले.

जगला. पण आमच्याकडे यायचा तो बालाजी परत आला नाही. डावा हात सावकाश उठायचा. बोलता बोलता शब्द हरवायचा आणि तो सापडेपर्यंत समोरच्यानं थांबायचं. ऊन सोसायचं नाही, आवाज सोसायचा नाही. बरा झाल्यावर पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा आईनं धपाटे केले होते. पुढे दुकानात टक टक चाललं होतं. त्यानं दोन्ही कान दाबले आणि भिंतीला टेकून खाली बसला. आप्पांनी छिन्नी ठेवली. त्यानंतर तो येणार असला की आप्पा काम बंद ठेवायचे, आणि ते त्याच्या लक्षात आलं तसं त्यानं येणंच कमी केलं. बारावीची परीक्षा त्यानं दिली नाही. फौजदारकीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

गावात बैठक बसली. तात्यांनी सरांना एकच विचारलं, "मास्तर, पोराला पयल्यांदा लागल्यावर तुमी कुठं व्हता?" सर उभे होते, पिशवी खांद्याला तशीच. म्हणाले, "टेबलावर भांडायलो होतो. चूक माझी हाय, तात्या." मी देवळाच्या खांबाला टेकून उभा होतो, दहा पावलांवर. पंचानं मला विचारलं होतं, हे सांगायला दहा पावलंच जायचं होतं. मी गेलो नाही. सरांनी बदली मागून घेतली. काही वर्षांनी ते वारल्याचं कानावर आलं. त्यांना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलं नाही.

राज्याला आम्ही बालाजीशिवाय गेलो आणि पहिल्याच सामन्यात हरलो. खेळलो म्हणून सर्टिफिकेटं मिळाली. तो खेळला नाही म्हणून त्याला नाही. त्या कागदावर मला ही खेळशिक्षकाची नोकरी लागली. रग्बीची खरी शिकवण मी त्यानंतर घेतली, आणि पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्यानं फळ्यावर ते फुलीचं चित्र काढलं. मी उठून बाहेर गेलो. लोकांना वाटलं ऊन लागलं.

त्यानंतर दर दिवाळीत, पाडव्याला, मी बालाजीच्या मळ्यात जायचो. एकही वर्ष चुकवलं नव्हतं. त्याचं लग्न झालं, सुनीता वहिनी सगळं सांभाळतात, शेतीसुद्धा. तो बांधावर फिरतो, म्हशींना पाणी दाखवतो, संध्याकाळी दार धरून बसतो. त्या दिवसाचं त्याला काहीच आठवत नाही, लिंबागणेशच्या नारळानंतर सगळं कोरं. कुणी पाहुणा आला की माझ्याकडे बोट करून सांगायचा, "ह्यो शिवा. ह्यानं मला मांडीवर... मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं." पाहुणा माझ्याकडे कौतुकानं बघायचा. मी चकली खायचो.

तीन वर्षांमागं माझ्या मैदानावर एका पोरीला असाच गुडघा लागला. मी तिला बाहेर काढलं. हरत होतो आम्ही, पोरगी सगळ्यांत चांगली खेळायची, आणि तिचा बाप कडेवरून माझ्या अंगावर आला. "सर, ती तर उभी हाय की! तुमाला कसं कळलं तिला लागलंय म्हणून?" मी म्हणालो, "तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायली ती." पोरगी सहा दिवसांत ठणठणीत झाली. मी मात्र त्या संध्याकाळी घरी जाताना वाटेत गाडी उभी करून रस्त्याच्या कडेला बसलो. इतकं सोपं होतं ते. एक वाक्य होतं.

त्या दिवाळीत मी ठरवूनच गेलो. अंगणात बाजेवर आम्ही दोघं, वहिनी ताट घेऊन येत होत्या. मी म्हणालो, "बालाजी, त्या दिवशी मधल्या सुट्टीत तू मला तीनदा विचारलंतंस, आपण कुठल्या बाजूला खेळायलोय म्हणून. मला कळलं होतं तुला लागलंय. पंचानं मला विचारलं आणि मी खोटं बोललो. मी तुला बाहेर काढलं असतं तर तू फौजदार असतास." हे वाक्य मी इतकी वर्षं मनात घोकलं होतं की ते एका दमात निघालं. तो शिव्या देईल याची माझी तयारी होती. माफ करेल याचीही होती, हे लिहायला लाज वाटते.

तो शब्द शोधत राहिला. मी थांबलो. मग म्हणाला, "म्हंजे... दर दिवाळीला येतोस... ते यापायी?"

मी बाजेवरून उठलो.

"मला वाटायचं, दोस्त हाय म्हणून येतोस." तो वहिनींकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "हिला सांगायचो मी. सगळे सुटले, पण शिवा... शिवा न्हाई सुटला." वहिनींनी ताट बाजेवर ठेवलं आणि आत गेल्या.

मी निघालो तसा तो फाटकापर्यंत आला, त्याच्या सावकाश चालीनं. मला वाटलं आता काहीतरी बोलून मोकळं करील. त्यानं फाटकाची कडी धरली. "लागलं त्याचं मला काई न्हाई बे," तो म्हणाला. "मला ते आठवतबी न्हाई. पण तुझं येणं तर आठवतंय ना. येवडी वर्सं." मग बराच वेळ शब्द सापडेना. मी गाडीला किल्ली लावून उभा होतो. "एकदा नुसताच ये," तो म्हणाला आणि परत फिरला.

त्याला दोन दिवाळ्या होऊन गेल्या, मी गेलो नाही. केजला माझं महिन्यातून दोनदा काम निघतं, मळ्याची वाट रस्त्यावरून दिसते. फाट्यावर गाडी हळू करतो. नुसतं कसं जायचं ते मला येत नाही.